पान अडतीसवरची टीप

निवृत्ती गायखे यांना हॅम रेडिओचा परवाना मिळून एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ते हवेवर किती वाक्यं बोलले हे क्लबातली मंडळी बोटांवर मोजून दाखवत. त्यातली निम्मी तर परीक्षेतच बोलून झाली, असं यादवराव निरभवणे म्हणत.

हॅम म्हणजे हौसेखातर वायरलेस चालवणारी माणसं. रीतसर परीक्षा देतात, सरकारकडून परवाना घेतात, गच्चीवर तारा ताणतात आणि या तारांनी तुमचा टीव्ही बिघडत नाही हे शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं समजावत बसतात. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत अशी चाळीसेक माणसं होती. दर रविवारी सकाळी साडेसातला त्यांचं नेट भरे. नेट म्हणजे हवेवरची बैठक. डोंगरावर क्लबाने बसवलेला रिपीटर निफाडचा आवाज पेठला आणि पेठचा नामपूरला पोचवी, आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले यादवराव खणखणीत आवाजात एकेकाची हजेरी घेत. निवृत्तीकाकांचा नंबर आला की माइकचं बटण दोनदा दाबल्याचा आवाज येई. टक, टक.

"गायखे हजर," यादवराव म्हणत आणि पुढे जात.

काकांकडे बोलायला काही नव्हतं असं नाही. उलट फार होतं. पण बटणावर अंगठा ठेवला की त्यांना वाटे, आपण सांगणार ते बरोबर आहे ना? चाळीस माणसं ऐकतायत. परत एकदा पुस्तकात बघून घ्यावं. पुस्तकात बघून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात त्यांची तेहेतीस वर्षं नोकरी झाली. तिथे मुळात बोलायचंच नसतं, त्यामुळे हा स्वभाव कुणाच्या लक्षात आला नव्हता.

"अहो, ते बटण चावतं का तुम्हाला?" त्यांची बायको आशाबाई विचारी.

अशा माणसाला क्लबाने एकच काम दिलं होतं आणि ते त्यांना जिवापाड आवडे. ते म्हणजे मॅन्युअलचं कपाट. शरणपूर रोडला एका छापखान्याच्या वरच्या खोलीत क्लब होता आणि त्या खोलीत हे लोखंडी कपाट. जुने जपानी सेट, घरी बांधलेले सेट, कुणा वारलेल्या सभासदाच्या घरून आलेले सेट, अशा सगळ्यांची मिळून दीडशेवर मॅन्युअलं त्यात होती. प्रत्येकाला काकांच्या हातचं खाकी कव्हर आणि कण्यावर नंबर. या कपाटाचा एक रिवाज होता. मॅन्युअलमध्ये कुणाला चूक सापडली, किंवा छापलेलं वाचता येईनासं झालं, तर त्याने समासात पेन्सिलीने टीप लिहायची. खाली नाव घालायचं नाही. पेन्सिल अशासाठी, की चुकलं तर खोडता यावं. नाव नाही अशासाठी, की लिहिणाऱ्याला संकोच वाटू नये. दोन्ही नियम काकांनी केले होते आणि खरं सांगायचं तर दोन्ही त्यांनी स्वतःसाठीच केले होते.

मग क्लबाची सेक्रेटरी स्नेहल झाली. सत्तावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, सातपूरला नोकरी. दोन महिने दर शनिवारी येऊन तिने एकेक मॅन्युअल स्कॅन केलं. काका पुस्तक काढून देत, पान उलटताना कणा मोडत नाही ना हे श्वास रोखून बघत आणि परत जागेवर ठेवत.

"झालं काका," शेवटच्या शनिवारी ती म्हणाली. "आता कुणालाही, कुठेही, फोनवर. कपाट काढलं तर इथे शिकणाऱ्यांसाठी एक टेबल बसेल. कमिटीत बोलूया."

"पुस्तकात कुठे काय आहे ते हाताला माहीत असतं," काका हळूच म्हणाले.

"सर्चमध्ये दोन सेकंदांत सापडतं."

"दोन सेकंदांत सापडलं तर मधली पानं कोण वाचणार?"

"मधली पानं कुणीच वाचत नाही काका. तुम्ही सोडून."

काकांनी पुस्तक कपाटात सरकवलं. हे खोटं आहे असं त्यांना म्हणता येईना. स्नेहलला वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "आणि पेन्सिलीच्या टिपासुद्धा काय सुरेख आल्यात बघा! पुस्तकात दिसत नाहीत एवढ्या ठळक."

या नव्या सोयीचा पहिला लाभार्थी होता नामपूरचा दीपक. पस्तिशीचा गडी, मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान, शिवाय घरचा कांदा. रविवारच्या नेटला तो हातातल्या लहान सेटवर यायचा. मोठा सेट मिळावा म्हणून त्याने तीन वर्षं शोध घेतला, आणि अखेर मालेगावच्या एका गोदामात त्याला तो जुना जपानी सेट सापडला होता. सेट ठाकठीक होता, पण वीज घ्यायच्या प्लगच्या तारा कुणीतरी कापून नेलेल्या. कुठल्या पिनला कुठली तार, हे मॅन्युअल बघूनच जोडावं लागणार होतं.

"लिंक पाठवते दादा, पान अडतीस," स्नेहलने नेटवर सांगितलं होतं.

"मग पुढच्या रविवारी जोडतो ताई. नेट झालं की पहिलं काम तेच."

तो पुढचा रविवार उजाडला. आशाबाई दर रविवारच्या पोह्यांची तयारी करत होती. निवृत्तीकाका आपल्या सेटपुढे बसले होते. कानाशी नेट, मांडीवर खाकी कव्हरातलं मॅन्युअल आणि समोर उभा केलेला फोन. त्यांचा एक बेत होता. स्कॅन केलेलं पुस्तक आणि खरं पुस्तक पानागणिक ताडून बघायचं आणि कुठे पान तिरकं आलंय, कुठे ओळ कापली गेलीय, त्याची यादी करायची. नवव्या पानावर त्यांना एक डाग मिळाला, तेव्हा त्यांना जो आनंद झाला त्याची त्यांना जराशी लाज वाटली. दीपकच्याच सेटचं मॅन्युअल त्यांनी पहिल्यांदा घेतलं, कारण तसाच सेट त्यांच्या पुढ्यात होता.

पान अडतीस. प्लगचं चित्र. चार गोल, दोनावर दोन. चित्राखालची छापील ओळ वीसेक वर्षांपूर्वीच कसर लागून गेली होती, आणि तिच्या जागी पेन्सिलीने टीप होती: 'हे चित्र तारा जोडायच्या बाजूने पाहावे.' अक्षर लहान, सुबक, उजवीकडे झुकलेलं. काकांचंच.

फोनवर पान सरकवताना त्यांची दोन बोटं एकदम टेकली आणि चित्र पसरून पडदाभर झालं. काका दचकले. मग चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक गोलाशेजारी एक आकडा होता. एक, दोन, तीन, चार. पुस्तकात हे आकडे मोहरीपेक्षा लहान होते. इतकी वर्षं ते त्यांना शाईचे ठिपके वाटले होते.

काकांनी भिंग घेतलं, आपल्या सेटचा प्लग उपसला आणि खिडकीशी नेला. प्लगच्या तोंडावर, पिनांच्या शेजारी, तेच आकडे साच्यातून उठवलेले. एक डावीकडे, दोन उजवीकडे. चित्रात अगदी तसंच. त्यांनी प्लग परत खोचला.

म्हणजे चित्र तोंडाकडून काढलेलं होतं. तारा जोडायच्या बाजूने बघितलं तर डावं ते उजवं होतं, लाल तार काळीच्या जागी जाते. सेट चालू केला की आतून एक बारीक आवाज येतो आणि मग वास. त्या टिपेने इतकी वर्षं कुणाचं नुकसान केलं नव्हतं ते एवढ्याचमुळे, की सगळ्यांचे सेट तारा जोडूनच आलेले होते. काकांचासुद्धा.

दीपकचा सोडून.

"...नामपूर, दीपक हजर," सेटमधून आवाज आला. "तयारी करून बसलो आहे सर. नेट संपलं की लावतोच तारा."

काकांनी फोन उचलून दीपकला लावला. बंद. परत लावला. बंद. स्नेहलला लावला, रिंग वाजून वाजून थांबली. रविवारी ती नेटला उशिरा यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यादवराव तर नेट चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवत, तसा त्यांचा नियमच होता. काकांनी क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं, 'दीपक, थांब.' मग त्यांच्या लक्षात आलं की दीपकचा फोन बंद असेल तर हे वाचणार कोण.

"अहो, काय झालं? घाम कसला आलाय?" आशाबाई पळीसकट दारात आली.

"माझ्या टिपेमुळे एका माणसाचा सेट जळणार आहे."

"मग सांगा त्याला."

"फोन लागत नाही."

आशाबाईने पळी सेटकडे केली. "आणि हे काय आहे?"

काकांनी माइक उचलला. सेटमध्ये पेठचा एकजण आपल्याकडच्या धुक्याबद्दल बोलत होता. काका मनात वाक्य जुळवू लागले. मॅन्युअलमधली एक टीप चुकली आहे, कृपया तिकडे दुर्लक्ष करावं. एवढं पुरे. टिपेखाली कुठे कुणाचं नाव होतं? कोणीतरी लिहिली, कोणीतरी चुकलं. पण मग दीपक विचारेल, कशावरून चुकली? काका, तुम्ही तर कधी बोलत नाही, आजच कसे? आणि स्नेहल ऐकत असेल तर? कपाटातल्या ज्या टिपांचा आपण एवढा अभिमान बाळगला, त्यातलीच एक—

"चला मंडळी," यादवराव म्हणाले, "कुणी राहिलंय? नाही? मग आजचं नेट—"

काकांनी बटण दाबलं. "थांबा!"

यादवरावांचं वाक्य तुटलं.

"हे कोण?" यादवरावांचा आवाज कडक झाला. "अनोळखी स्टेशन, आधी आपलं कॉलसाइन सांगा."

काकांनी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, सांगितलं. एकतीस वर्षांत ते इतकं कमी वापरलं होतं, की मधलं एक अक्षर त्यांना भिंतीवरच्या परवान्यात बघावं लागलं.

"हे कॉलसाइन आमच्या गायख्यांचं आहे," यादवराव म्हणाले. "आपण कोण बोलताय?"

"गायखेच बोलतोय."

"कोण, निवृत्ती?"

"हो."

"आवाज असा आहे होय तुझा!"

पलीकडे कुणीतरी हसलं आणि हसता हसता बटण दाबून बसलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्यांनी परत बटण दाबलं. आता पुस्तकात बघायला वेळ नव्हता.

"दीपक, तारा जोडू नकोस. पान अडतीसवर पेन्सिलीची टीप आहे, ती चूक आहे. चित्र तारांच्या बाजूने बघायचं असं त्यात लिहिलंय. ते तोंडाच्या बाजूने बघायचं. टीप मी लिहिली. म्हणजे कोणीतरी नाही, मीच. खालची ओळ कसरीने खाल्ली होती, मला वाटलं आपल्याला कळलं. मी प्लग उघडून बघायला हवा होता, पण माझा सेट तारा जोडून आला होता आणि मी फक्त वाचलं. भिंगाने बघितलं असतं तरी आकडे दिसले असते. खरं म्हणजे चौदा नंबरच्या मॅन्युअलमध्येही मी एक टीप लिहिलीय, तिचीही मला आता खात्री वाटत नाही, आणि बावीस नंबरमध्ये..."

बोलता बोलता सेटमधून एक चमत्कारिक आवाज आला आणि सगळं बंद झालं. काका घाबरून बटणाकडे बघत राहिले. आपलाच सेट जळाला की काय!

काही सेकंदांनी यादवरावांचा आवाज परत आला, आणि त्यात हसू मावत नव्हतं. "निवृत्ती, सलग तीन मिनिटं कुणी बोललं की रिपीटर आपोआप बंद होतो. आजवर हा मान फक्त माझा होता. दीपक, तू ऐकलंस का? ओव्हर."

काका सेटकडे सरकले. आशाबाई पळी घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"ऐकलं सर," दीपक म्हणाला. "पण काका, मना कागदवर ते काहीच लिखेल नही शे."

"काय?"

"कागदावर टीपच नाही काका. परवा माझा फोन बैलांच्या हौदात पडला, तो तांदळात ठेवेल आहे. त्याच्या आधी नामपूरला झेरॉक्सवाल्याकडून पान छापून घेतलं होतं. त्याच्या मशिनीत शाई कमी. पेन्सिल उठलीच नाही. कोरी जागा आहे."

काकांनी माइक टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कुणाचंच काही जळणार नव्हतं. आपण उगाचच चाळीस माणसांसमोर स्वतःचा पंचनामा करून घेतला होता. बोललोच नसतो तर!

"पण बरं झालं तुम्ही आले काका," दीपक पुढे बोलत होता. "टीप नाही म्हणूनच अडकलो होतो. चित्र कोणत्या बाजूचं तेच कळेना. नेट संपलं की अंदाजानेच लावणार होतो. आता तुम्हीच सांगा, तुमच्याकडे सेट आहे तोच."

काकांनी हात खाली घेतले.

"अंदाजाने?" ते म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बटण न दाबताच बोलतोय. त्यांनी बटण दाबलं. "अंदाजाने नाही लावायचं. प्लग हातात घे. तोंड तुझ्याकडे कर. आकडे दिसतात?"

"नाही काका. काळं मिचकूट आहे."

"पुस. नखाने नको, जुना टूथब्रश आण."

"जीवन! ब्रश आण रे," दीपक आपल्या पोराला हाक मारताना बटण सोडायला विसरला. लगेच एका बाईचा आवाज आला, "तो मना ब्रश शे!" आणि रिपीटरवर निफाडपासून पेठपर्यंत हशा पिकला.

ब्रश मिळाला. कोणाचा, ते कुणी विचारलं नाही.

"दिसला! एक दिसला काका. डावीकडे वर."

"त्याच्या खाली?"

"तीन."

"एक आणि तीन लाल. दोन आणि चार काळी. आता प्लग उलटा करशील तेव्हा डाव्याचं उजवं होईल, तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. एका पिनेला मीटरचं एक टोक लाव, दुसरं मागून कुठे वाजतं ते बघ, आणि तिथेच खडूने खूण कर."

काका मधूनमधून बटण सोडत, रिपीटरला दम घेऊ देत. कुणी मध्ये बोललं नाही. वीस मिनिटं हे चाललं. त्या वीस मिनिटांत काकांना एकदाही पुस्तकात बघावंसं वाटलं नाही. बघायचं होतं ते त्यांनी हजारदा वाचलेलं होतं. फ्यूज कितीचा, चालू करण्याआधी कोणती कळ खाली हवी, दिवा आधी पिवळा लागतो तेव्हा घाबरायचं नाही, हे सगळं मधल्या पानांत होतं.

"चालू करू?" दीपकने विचारलं.

काकांनी बटण दाबलं. "मीटरने परत एकदा बघ," ते म्हणाले.

"बघितलं."

"अजून एकदा."

"काका!"

"बरं. कर."

बराच वेळ काहीच आलं नाही. मग रिपीटरवर दीपकचा आवाज आला, आणि त्याच्यामागून मोठ्या सेटमधली खरखर, शिट्ट्या आणि कुठल्याशा दूरच्या मुलखातला एक माणूस भराभर काहीतरी बोलताना ऐकू आला.

"लागला काका! लागला! पिवळा लागला, मग हिरवा लागला! कोण बोलतोय हा देव जाणे, पण बोलतोय!"

आशाबाई पोहे परतायला निघून गेली. जाताना तिने काकांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुसट आवाजात म्हणाली, "चावलं नाही ना बटण?"

यादवराव नेट बंद करतील असं काकांना वाटलं. ते म्हणाले, "मंडळी, एक निवेदन. बेचाळीस नंबरच्या मॅन्युअलमध्ये पान सतरावर 'हा भाग न उघडणे' अशी पेन्सिलीची टीप आहे. ती मी लिहिली. कारण मी तो उघडला आणि मला परत बसवता आला नाही. भागात काही वाईट नाही. उघडा खुशाल."

मग निफाडच्या राकेशने बटण दाबलं. तेरा नंबरमधला आकडा त्याने स्वतः मोजला नव्हता, दुसऱ्या पुस्तकातून उतरवला होता. पेठचा भिका तर म्हणाला, त्याने पाच ठिकाणी टिपा लिहिल्यात, त्यातल्या दोन भज्यांची पुडी हातात असताना लिहिल्या, त्यामुळे तेलकट डाग दिसेल तिथली टीप तपासून घ्या. एकामागून एक माणसं येत गेली. एकजण म्हणाला, आपण कधीच टीप लिहिली नाही, कारण आपण मॅन्युअल कधी वाचलंच नाही. त्याच्यासाठी सगळ्यात जास्त हशा झाला.

काका पेन्सिल घेऊन सगळं उतरवून घेत होते. नंबर, पान, कोण, काय.

साडेनऊच्या सुमाराला झोपेतला एक आवाज आला. "स्नेहल हजर. उशीर झाला, सॉरी. नेट अजून चालू कसं?" मग तिने ग्रुपवरचे निरोप बघितले असावेत. "एक मिनिट. गायखे काका बोलले?"

"दीड तास झाला, थांबत नाहीये," यादवराव म्हणाले.

"काका, ती पान अडतीसची टीप मी फाइलमधून काढून टाकते. पाच मिनिटांत सगळ्यांकडे नवीन पान."

काकांनी बटण दाबलं. "काढू नकोस," ते म्हणाले. आणि इतक्या लोकांसमोर आपण कुणालातरी 'नको' म्हटलं याचंच त्यांना नवल वाटलं. "तशीच ठेव. त्याच्याखाली बरोबर काय ते लिही. म्हणजे पुढच्याला कळेल की इथे माणूस चुकू शकतो."

"मग पुस्तकातही तसंच लिहायला हवं," स्नेहल म्हणाली.

"लिहितो."

"नाव घालून?"

काकांनी पुस्तक जवळ ओढलं. समासात जागा फार नव्हती. पेन्सिल पुढे सरकवली, परत मागे घेतली, आणि मग सावकाश जुन्या टिपेखाली लिहिलं: 'वरील टीप चुकीची. चित्र प्लगच्या तोंडाच्या बाजूने आहे. नि. गायखे.'

"घातलं," ते म्हणाले.

"मग कपाट राहू दे," स्नेहल म्हणाली. "टेबल भिंतीला लावू, माझा स्कॅनर त्याच्यावर ठेवू. पण काका, या सगळ्या टिपा एकेक तपासायला लागतील. पानं वाचणारा माणूस एकच आहे. तुम्ही दर रविवारी नेटवर एक पान घ्याल का? सगळ्यांना ऐकवाल?"

दर रविवारी. चाळीस माणसं. त्यांना वाटलं, एक पान म्हणजे तीन मिनिटांत बसणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात चुकलं तर? बावीस नंबरच्या त्या टिपेचं तर आजच काही खरं नव्हतं.

"बघतो," काका म्हणाले. "म्हणजे... जमेल बहुतेक. पण बावीस नंबरचं मी आधी प्लग उघडून बघणार."

"बघ ना," यादवराव म्हणाले. "तोवर आम्ही थांबतो. पोहे झाले का वहिनींचे?"